कोणता ब्रँड ठेवायचा, कोणता बंद करायचा?

१ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा अमेरिकेत तिचे आठ ब्रँड होते. उरले चार : शेवर्ले, कॅडिलॅक, ब्युइक आणि जीएमसी. पाँटिअॅक, सॅटर्न, हमर आणि साब गेले.

ही निवड नुसत्या खपावर होत नाही. पाँटिअॅकचा खप ब्युइकपेक्षा जास्त होता, तरी ब्युइक वाचला, कारण चीनमध्ये त्याला मोठा मान आणि मोठी बाजारपेठ होती. पाँटिअॅकच्या बऱ्याच गाड्या मात्र शेवर्लेच्याच होत्या, फक्त बिल्ला वेगळा. एकाच कंपनीचे दोन ब्रँड एकाच गिऱ्हाइकामागे धावू लागले, की जाहिरातीचा आणि नव्या मॉडेलचा खर्च दुप्पट होतो, गिऱ्हाईक मात्र तेवढेच राहते.

मग आधीच का बंद केले नाहीत? अडचण विक्रेत्यांची. अमेरिकेतील राज्यांचे कायदे त्यांना भक्कम संरक्षण देतात. १८९७ पासूनचा ओल्ड्समोबिल हा ब्रँड २००४ मध्ये बंद करताना भरपाईपोटी कंपनीला अब्जाहून अधिक डॉलर मोजावे लागले. त्या धसक्याने पुढचे निर्णय लांबले. दिवाळखोरीच्या न्यायालयात जुने करार मोडता आले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. माझ्या मते हा उशीरच सर्वांत महाग पडला, आणि त्याची झळ कामगारांनी सोसली.

वाचलेला ब्रँड सगळीकडे टिकतोच असेही नाही. २०१७ अखेर शेवर्लेची भारतातील विक्री थांबली. पुण्याजवळचा तळेगावचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे.