डोळ्यांचे थेंब घरी कसे ठेवावेत?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा काचबिंदूसाठी डॉक्टर डोळ्यांत घालायचे थेंब देतात. पाड्यांवर घरभेटीला गेल्यावर ही बाटली मला कधी चुलीवरच्या फळीवर दिसते, कधी पत्र्याखाली खुंटीला टांगलेल्या पिशवीत. औषध मिळाले, तरी ते नीट ठेवले नाही तर त्याचा गुण कमी होतो.

पहिली गोष्ट तारखेची. बाटलीवर छापलेली मुदत सील न तोडलेल्या बाटलीची असते. एकदा उघडल्यावर बहुतेक थेंब ४ आठवड्यांनंतर वापरू नयेत, कारण आत जंतू वाढू शकतात. उघडल्याच्या दिवशीच खोक्यावर तारीख घाला. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून किंवा आशाताईंकडून लिहून घ्या. बाटलीचे टोक बोटाला किंवा डोळ्याला लागू देऊ नका.

दुसरी गोष्ट उन्हाची. बाटली खोक्यासह झाकणाच्या कोरड्या डब्यात घालून सावलीत, चुलीपासून लांब ठेवा. माठाशेजारची जागा चांगली. काही औषधांना मात्र फ्रिज लागतो. काचबिंदूच्या लॅटॅनोप्रॉस्टची सीलबंद बाटली बहुधा २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उघडल्यावर ती २५ अंशांपर्यंत ६ आठवडे चालते. घरी फ्रिज नसेल तर तसे डॉक्टरांना आधीच सांगा आणि एका वेळी एकच बाटली घ्या. बर्फाच्या कप्प्यात थेंब कधीच ठेवू नका.

तिसरी गोष्ट जागेची. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही इतका उंच हवा. काही थेंब पोटात गेले तर लहान मुलाच्या जिवावर बेततात. चिकटवायच्या गोंदाची बारीक ट्यूब त्याच डब्यात नको. अंधारात चुकून तीच डोळ्यात जाते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आजोबांचे उरलेले थेंब नातवाच्या लाल डोळ्यात घालायला काढलेले मी पाहिले आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते घालत राहिल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

तेव्हा आज घरातला डबा उघडून पाहा. जुनी किंवा तारीख नसलेली बाटली असेल तर ती वापरू नका. पुढच्या तपासणीला सोबत आणा आणि डॉक्टरांना दाखवा. मात्र काचबिंदूचे थेंब रोज चालू असतील, तर तपासणीची वाट न पाहता लगेच नवी बाटली मागा. त्या औषधात खंड पडू देऊ नका.