ऊन खायला सवड कुठे?

मराठीत आपण ऊन खातो. थंडीच्या दिवसांत ओसरीवर बसलेले आजोबा काय करताहेत, असे विचारले तर ‘ऊन खाताहेत’ असे उत्तर मिळते. हा शब्द नुसता गोड नाही, खराही आहे. ‘ड’ जीवनसत्त्व अन्नातून फार थोडे मिळते. ते मुख्यतः उन्हामुळे आपल्या कातडीतच तयार होते. ज्याच्या वाट्याला ऊन येत नाही, तो पोटभर जेवूनही एका अर्थाने उपाशीच राहतो. पाळीत राबणारा कामगार हा असा उपाशी माणूस आहे.

उन्हातले विशिष्ट अतिनील किरण कातडीवर पडले की तिच्यातल्या एका स्निग्ध द्रव्यापासून हे जीवनसत्त्व बनू लागते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाला लागण्याजोगे रूप देतात. मग ते आतड्यांकडून अन्नातले कॅल्शियम शोषून घ्यायचे काम करवते. ते कमी पडले तर दुधा-भाकरीतले कॅल्शियम हाडांपर्यंत पुरेसे पोचत नाही.

१९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांच्या दिव्याने उपचार केले. दिव्याचा प्रकाश एकाच हातावर पाडला, तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. म्हणजे कातडीत तयार झालेली वस्तू रक्तातून साऱ्या अंगभर जाते, हे त्यातून दिसले.

आता आपल्याकडचे पाहू. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी ही यंत्रमागांची गावे. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या ही तिथली जुनी रीत. दिवसपाळीचा कामगार सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये शिरतो आणि अंधार पडताना बाहेर येतो. रातपाळीचा सकाळी घरी येतो, चहा-पाव खातो आणि झोपतो. सूर्य डोक्यावर येतो तेव्हा एक छपराखाली असतो, दुसरा पांघरुणाखाली. घरात बसून कांड्या भरणाऱ्या बायकांना पाळी नसते, पण त्यांनाही ऊन नसते. पुण्याच्या कॉल सेंटरमधली मुले, रुग्णालयातल्या परिचारिका, रात्रीचे पहारेकरी यांची गत फारशी वेगळी नाही. आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हावर विसंबू नये. काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण हे किरण काच अडवते.

कॅनडातील संशोधकांनी २०१७ साली निरनिराळ्या देशांतली ७१ संशोधने एकत्र तपासली. पाळीत काम करणाऱ्यांपैकी ८० टक्के आणि छपराखाली काम करणाऱ्यांपैकी ७८ टक्के लोकांत या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. उघड्यावर काम करणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. हे आकडे जसेच्या तसे भिवंडीला लावता येणार नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे.

ही कमतरता बोंब मारत येत नाही. कंबर ठणकते, मांड्यांतले बळ जाते, उकिडवे बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो. कामगार म्हणतो, थकवा आहे. मालक म्हणतो, अंगचोर आहे. गोळी घेऊन माणूस पुन्हा मागावर उभा राहतो आणि हाडे आतल्या आत मऊ होत जातात.

एक गैरसमज दूर करायला हवा. सकाळचे कोवळे ऊन चांगले, असे आपण ऐकत आलो. मनाला ते चांगलेच आहे. पण सूर्य तिरपा असताना हे किरण फारच थोडे पोचतात. ओळखायची खूण सोपी आहे : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचे. आपल्याकडे मे महिन्यात ही वेळ सकाळी साडेनऊच्या सुमारास येते. डिसेंबरात मात्र जेमतेम साडेअकरा ते दीड. गोऱ्या कातडीसाठी सांगितलेली दहा मिनिटे आपल्या सावळ्या कातडीला पुरत नाहीत. हातपाय उघडे ठेवून अर्धा तास तरी हवा. उन्हाळ्यात मात्र भर दुपारी बसू नये, उष्माघाताला आमंत्रण देऊ नये.

मग रातपाळीवाल्याने झोप मोडून उन्हात बसावे का? झोप हीही शरीराची गरजच आहे. म्हणून हा भार एकट्या कामगारावर टाकणे न्यायाचे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी घालून दिली होती. दिवसपाळीची ती सुट्टी शेडच्या कोपऱ्यात न जाता अंगणात जावी, तिथे बसायला एखादा बाक असावा, यासाठी मालकाला फार खर्च नाही. रातपाळीवाल्याची आठवड्याची सुट्टी खरोखरीची सुट्टी असावी. वार्षिक तपासणीत दुखणाऱ्या हाडांची विचारपूस व्हावी.

अन्नाचाही थोडा आधार आहे. बांगडा, तारली, अंड्याचा बलक, ‘ड’ जीवनसत्त्व घातलेले दूध आणि तेल उपयोगी पडते. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी रोजची गरज ६०० एकक सांगितली आणि एका बलकात असतात सुमारे ४०. औषधाच्या दुकानात मिळणारी ६०,००० एककांची पुडी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहते. अति झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो.

ऊन फुकट आहे, असे आपण सहज म्हणतो. ऊन फुकट आहेच, पण ते खायला लागणारा अर्धा तास फुकट नाही. ज्याचा सारा दिवस विकला गेला आहे, त्याला तो अर्धा तास कुणीतरी परत द्यावा लागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)