नेमाचे मूळ बोल्टात

वर्धा जिल्ह्यातील पुलगावचे नाव निघाले की लष्कराचे दारूगोळ्याचे मध्यवर्ती भांडार आठवते. परंतु दारूगोळा कितीही उत्तम असला, तरी काडतूस नळीच्या मागील तोंडाशी कसे बसते आणि स्फोटाच्या क्षणी ते तोंड किती दृढपणे मिटलेले असते, यावर नेमाची अचूकता पुष्कळ अंशी अवलंबून असते, हे सामान्य वाचकाच्या ध्यानात सहसा येत नाही.

बोल्टच्या रायफलीत नेमबाज मूठ उचलून बोल्ट मागे ओढतो, काडतूस घालतो आणि बोल्ट पुढे सारून मूठ खाली दाबतो. त्यासरशी बोल्टावरील पोलादी खुंट्या आपापल्या खाचांत अडकतात आणि प्रत्येक बारास काडतुसाला मागून तोच, तेवढाच आधार मिळतो. अर्धस्वयंचलित रायफलीत हे काम बाराच्याच जोरावर होते. हालते भाग वाढतात, आणि ते दरवेळी तंतोतंत जाग्यावर येण्यासाठी कारागिरी फार वरच्या दर्जाची लागते. मार्टिनी पद्धतीत ठोकळा खाली-वर होऊन नळी मिटते. चाप दाबल्यापासून आघात होईपर्यंतचा अवधी तीत अत्यल्प असल्याने बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याच्या .२२ मार्टिनी रायफली नेमबाजांत दीर्घकाळ मान्यता पावल्या. उभ्याने नेम धरणाऱ्याचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो, म्हणून हा अवधी जितका कमी तितके बरे.

आपल्या पोलिसांच्या हाती वर्षानुवर्षे असलेल्या .३०३ ली-एन्फील्डचे प्रकरण मला सर्वांत विलक्षण वाटते. तिच्या बोल्टाच्या खुंट्या मागील बाजूस असल्याने बार होताच बोल्ट किंचित दबतो आणि नळी कंप पावते. जवळच्या अंतरावर हा दोषच. परंतु मंद गोळी सुटते तेव्हा नळीचे तोंड अंमळ वर उचललेले असते, त्यामुळे हजार यार्डांच्या सुमारास मंद व वेगवान गोळ्या एकमेकींच्या जवळ येऊन पडतात. याच गुणामुळे लांब पल्ल्याच्या सामन्यांत तिने नाव मिळविले.

आजच्या ५० मीटर स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि तेथे एकेक काडतूस हाताने भरावयाच्या बोल्टच्या .२२ रायफलींचेच वर्चस्व आहे. याच अंतरावर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, आणि त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले. या दर्जाचे नेमबाज रायफल पक्की जखडून निरनिराळ्या घाण्यांतील काडतुसे तीतून झाडून पाहतात. कारण एकाच कारखान्याची, एकाच नावाची काडतुसेसुद्धा एका नळीस मानवतात आणि शेजारच्या नळीस मानवत नाहीत.