स्पेलिंग जवळचं, अर्थ लांबचा

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे सबमिशनच्या दिवसांत अख्खी विंग मला चालतीबोलती डिक्शनरी समजते. "प्रिन्सिपलच्या शेवटी ए-एल की एल-ई?" हा प्रश्न तर ठरलेला! कॉम्प्युटरचा स्पेलचेक इथे बरेचदा उपयोगी पडत नाही. दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर, मग लाल रेघ उमटणार कशी? ती उमटते व्हायव्हाला, सरांच्या पेनातून. म्हणून मित्रांनो, आपल्या कामाच्या चार जोड्या एकदा नीट बघून घेऊ.

१) स्टेशनरी : शेवटी 'ए-आर-वाय' असेल तर स्थिर. फिजिक्समधली स्टेशनरी वेव्ह ती हीच. 'ई-आर-वाय' असेल तर वह्या-पेनं. गंमत म्हणजे दोघांचं मूळ एकच! मध्ययुगीन युरोपात विद्यापीठाजवळ एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकणाऱ्याला लॅटिनमध्ये 'स्टेशनेरियस' म्हणत. हिंडून माल विकणारे वेगळे. दादर स्टेशनबाहेर आपण फेरीवाला आणि गाळेवाला असा फरक करतो ना, अगदी तसंच. त्या गाळ्यातला माल ती स्टेशनरी.

२) प्रिन्सिपल : 'ए-एल' म्हणजे मुख्य. कॉलेजचे प्राचार्य, प्रिन्सिपल स्ट्रेस आणि एज्युकेशन लोनचं मुद्दलसुद्धा. 'एल-ई' म्हणजे तत्त्व : आर्किमिडीजचं, बर्नूलीचं.

३) कॉम्प्लिमेंटरी : मधे 'आय' असेल तर कौतुकाचं किंवा मोफत. शिवाजी मंदिरला किंवा गिरगावच्या साहित्य संघात नाटकाचा फुकट पास मिळतो, तो हा. मधे 'ई' असेल तर पूरक. सीमॉसमधला 'सी' याचाच. त्यात एन आणि पी अशा दोन प्रकारच्या ट्रान्झिस्टरची जोडी असते. एक चालू तेव्हा दुसरा बंद. तिथे 'आय' घातलात तर सर्किट फुकटात मिळालंय असा अर्थ होईल!

४) कॅज्युअल आणि कॉझल : यांत फक्त 'एस' आणि 'यू'ची अदलाबदल. कॅज्युअल म्हणजे प्रासंगिक, सहज. कॉझल म्हणजे कार्यकारणाचं. ज्या सिस्टिमचं आउटपुट फक्त आताच्या आणि आधीच्या इनपुटवर ठरतं, पुढच्यावर नाही, ती कॉझल सिस्टिम.

ही जोडी नुसती मार्कांपुरती नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांत बदली कामगार असत. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्यांना काम मिळे. ही झाली कॅज्युअल मजुरी. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडल्या त्या संपामुळे, की जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनीचे भाव यांमुळे? हा वाद कॉझल संबंधाचा आहे. रिपोर्टमध्ये 'कॉझल'च्या जागी 'कॅज्युअल' छापलं गेलं, तर एवढ्या घरांच्या चुली विझल्या ते सहजच, असं वाचावं लागेल.

इंग्रजीला नावं ठेवायच्या आधी आपल्याकडेही बघा. गिरणीत कातलं जातं ते 'सूत'. ऱ्हस्व 'सुत' म्हणजे मुलगा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. फलकावर वेलांटी दीर्घ पडली की गौरव राहतो बाजूला आणि 'दीन' तेवढा उरतो!

मग उपाय काय? पाठांतर नको. शंका आली की त्या शब्दाच्या जागी मराठी अर्थ ठेवून वाक्य वाचा. 'मुख्य' बसतंय की 'तत्त्व'? 'फुकट' की 'पूरक'? स्पेलिंग आपोआप सापडेल. कॉन्व्हेंटवाल्यांना शब्द डोळ्यांनी ओळखायची सवय असते, अर्थ विचारायची कमी. मराठी मीडियमचे माझे मित्र ही युक्ती माझ्यापेक्षा भराभर वापरतात. तेव्हा इंग्रजीच्या परीक्षेतसुद्धा आपली मराठी कामाला येते, हे लक्षात असू द्या.