फुकटच्या विमानाचे भाडे कोण भरतो?

रेल्वे स्टेशनच्या पुलावर, मॉलच्या दारात, पगाराच्या आठवड्यात कंपनीच्या गेटपाशी हल्ली एक टेबल मांडलेले असते. टाय लावलेला पोरगा हाक मारतो, "दादा, क्रेडिट कार्ड घ्या. पॉइंट जमवा आणि फुकट फॉरेन ट्रिप करा." हा पोरगाही आपल्यासारख्याच घरातला असतो. दिवसाला ठराविक अर्ज भरून नेले नाहीत तर त्याची नोकरी राहत नाही. त्यामुळे त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. पण तो जे सांगतो त्याचा हिशेब मात्र आपण घरी बसून केलाच पाहिजे.

हा विषय घेण्याचे कारण आमच्या वस्तीतल्या एक ताई. त्या इस्पितळात आया आहेत. महिला मंडळाच्या भिशीतून दोन वर्षे पैसे साठवून चौघांनी लुंबिनीला जायचे, आणि जमलेच तर पुढे कधीतरी श्रीलंकेत अनुराधापूरला, असा त्यांचा बेत होता. त्यांच्या थोरल्याने नोकरी लागताच कार्ड घेतले. तो म्हणाला, "आई, भिशी कशाला भरतेस? सगळा खर्च कार्डावर करू, पॉइंटवर विमानाची तिकिटं येतील." ताई हिशेबाला पक्क्या. त्यांनी वर्षभराची बिले आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्यात विमान कुठं आहे ते दाखवा."

आम्ही शोधले. घरचे रेशन, किराणा, गॅस, वीज, मोबाइल मिळून महिन्याला साधारण १५ हजार रुपये कार्डावर जात होते, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. कार्ड साधे होते. शंभर रुपयांना २ पॉइंट आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे. वर्षाचे पॉइंट झाले ३,६००. त्यांचे रुपये झाले ९००. वीस हजारांचे एक तिकीट ह्या चालीने काढायला बावीस वर्षे लागतील. आणि बहुतेक पॉइंट दोन-तीन वर्षांत बाद होतात. शिवाय पॉइंट वटवायला बऱ्याच बँका शंभराच्या आसपास शुल्क घेतात, ते वेगळेच.

बरे, एवढ्यावर भागले असते तर ९०० रुपये तरी पदरात पडले असते. पण दिवाळीच्या महिन्यात थोरल्याला पूर्ण बिल भरता आले नाही आणि २० हजार पुढच्या महिन्यावर गेले. त्याच्या कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ७०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १२६ रुपये. एका महिन्यात ८२६ रुपये गेले. वर्षभर जमवलेले पॉइंट एका महिन्याच्या व्याजात जवळजवळ संपले.

गावच्या सावकाराच्या शेकडा तीन-चाराच्या व्याजाला आपण पिळवणूक म्हणतो. कार्डाचा दरही त्याच घरातला आहे, वर्षाला बेचाळीस टक्के आणि वर कर. फरक एवढाच की इथे कागद गुळगुळीत आहे.

बिलावर "किमान देय रक्कम" असा एक आकडा असतो. सर्वांत मोठा घोळ तिथेच आहे. समजा बिल ६० हजार आहे आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे ३ हजार. ते भरले की दंड लागत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण उरलेल्या ५७ हजारांवर व्याज आणि जीएसटी मिळून ढोबळमानाने २,३५० रुपये लागतात. भरलेल्या तीन हजारांतून कर्ज फिटले जेमतेम साडेसहाशे. त्यात बाकी ठेवली की नव्या खरेदीला मिळणारी चाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या साबणावर आजपासून व्याज चालू होते.

मग प्रश्न असा पडतो की लोक खरोखर पॉइंटवर परदेशी जातात ते कसे? जातात, खोटे नाही. ही योजना मुळात अमेरिकेतली. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांना मैलांच्या हिशेबाने बक्षीस द्यायला सुरुवात केली आणि १९८७ साली सिटीबँकेने त्याच मैलांचे कार्ड काढले. तेव्हापासून विमानात न बसताही मैल जमू लागले. डेव्हिड फिलिप्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरची गोष्ट तिकडे प्रसिद्ध आहे. १९९९ साली एका खाद्यपदार्थाच्या कंपनीने वेष्टनावर मैल देऊ केले. ह्या गृहस्थाने पुडिंगचे बारा हजारांवर डबे सुमारे तीन हजार डॉलरना विकत घेतले आणि साडेबारा लाखांच्या आसपास मैल मिळवले. लेबले काढायला माणसे हवी होती, म्हणून पुडिंग धर्मादाय संस्थेला देऊन तिच्या स्वयंसेवकांकडून ती काढून घेतली. हुशारी कबूल. पण एका दमात तीन हजार डॉलर मोकळे असावे लागतात, ही बाजू कोणी सांगत नाही.

आपल्याकडेही ज्यांचा कार्डावरचा खर्च वर्षाला आठ-दहा लाख आहे, जे हजारो रुपये वार्षिक फी भरून वरच्या दर्जाचे कार्ड घेतात आणि दर महिन्याला पै न पै फेडतात, त्यांना पॉइंट विमान कंपनीकडे वळवून तिकिटे मिळतात. कार्ड त्यांच्यासाठीच आखलेले आहे.

ह्या बक्षिसाचा पैसा येतो कुठून? दुकानदाराने कार्डावर हजार रुपये घेतले की त्याच्या हाती साधारण ९८० येतात. मधले वीस बँका आणि कार्ड कंपन्या वाटून घेतात, आणि त्यातलेच चार-पाच रुपये पॉइंट म्हणून परत येतात. दुकानदार तो खर्च भावात धरतो आणि रोखीने घेणारी बाईही तोच भाव देते. दुसरा मोठा पैसा व्याजाचा. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या एका संशोधनात हा हिशेब मांडला आहे. कार्डांच्या बक्षिसांमुळे तिथे दरवर्षी सुमारे १५ अब्ज डॉलर कमी शिकलेल्यांकडून जास्त शिकलेल्यांकडे, गरिबांकडून श्रीमंतांकडे आणि अल्पसंख्य वंशांच्या वस्त्यांतून इतर वस्त्यांकडे वाहून जातात, असे त्यात म्हटले आहे. हा आकडा तिकडचा आहे. पण बँकेचे गणित इकडेही तेच असल्यामुळे पैसा इकडे कोणत्या दिशेने वाहत असेल ते वाचकांना सांगायला नको.

पॉइंटचा भाव ठरवणे बँकेच्या हातात असते. आज २५ पैसे, उद्या २० पैसे. विमान कंपनीच बंद पडली तर काय? १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. लोकांचे जमवलेले मैल खात्यात दिसत राहिले, पण ज्या विमानासाठी जमवले ते राहिले नाही.

आता प्रत्यक्ष परदेशात कार्ड वापरायचे म्हटले तर काय होते ते पाहू. बहुतेक साध्या कार्डांवर परकीय चलनाच्या खर्चाला साडेतीन टक्के जादा आकार असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. श्रीलंकेत किंवा थायलंडमध्ये ४० हजारांचा खर्च कार्डावर केला तर १,४०० अधिक २५२, म्हणजे १,६५२ रुपये जादा. मिळणारे पॉइंट २०० रुपयांचे. हा आकार अजिबात न घेणारी काही कार्डेही मिळतात. जायचेच असेल तर तशा कार्डाची चौकशी करावी.

तिथला दुकानदार विचारील, रुपयांत कापू की आमच्या चलनात? रुपये ऐकून आपल्याला बरे वाटते, पण रुपयांचा दर त्यांचा असतो आणि महाग पडतो. नेहमी तिथले चलन सांगावे. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोकड तर कधीच काढू नये. काढल्याचे शुल्क पडते, व्याज पहिल्या दिवसापासून लागते, आणि थायलंडसारख्या देशात तिथली बँक प्रत्येक वेळी दोनशेहून अधिक बाट वेगळे घेते. पैसे आधी भरून ठेवायचे फॉरेक्स कार्ड त्यापेक्षा बरे. जेवढे भरले तेवढेच संपतात, कर्ज होत नाही. मात्र नेपाळ आणि भूतानमध्ये ते चालत नाही.

२०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवे कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असते. परदेशासाठी ते आपणच मोबाइलवरून चालू करायचे. तिथेच मर्यादाही घालता येते. घरी परतल्यावर बंद करायला विसरू नये.

शिकायला बाहेर जाणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी इकडे जास्त लक्ष द्यावे. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पैसा हाती येईपर्यंत बरेच काही खिशातून भरावे लागते. इंग्लंडला एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्याला व्हिसाबरोबर आरोग्य अधिभाराचे १,१६४ पौंड एकरकमी भरावे लागतात. ते सव्वा लाखाच्या वर जातात. साध्या कार्डावर भरले तर जादा आकारच पाच हजारांच्या घरात. आणि कार्डाची मर्यादा तेवढी नसली तर ऐन वेळी व्यवहार अडतो. घरातल्या कोणाची कार्डाची थकबाकी असेल तर त्याचा सिबिल स्कोअर पडतो. शैक्षणिक कर्जाला बाप किंवा आई सहकर्जदार असते, बँक त्यांचाही स्कोअर पाहते. बापाने घेतलेल्या टीव्हीचे हप्ते मुलीच्या प्रवेशाच्या आड आलेले आम्ही पाहिले आहे.

न मागता कार्ड पाठवणे बँकांना मनाई आहे. कार्ड बंद करायचा अर्ज दिल्यावर, बाकी नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालेच पाहिजे. नाही झाले तर दिवसाला ५०० रुपये बँकेने आपल्याला द्यायचे. हा नियम २०२२ चा आहे. कार्डावर न केलेला खर्च दिसला तर तीन दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत तक्रार सुटली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १४४४८ ह्या क्रमांकावर माहिती मिळते.

ताईंच्या थोरल्याने शेवटी सगळी बाकी फेडली, त्यासाठी भिशीतले अकरा हजार गेले. त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता. मग ताईंनीच विषय काढला. लुंबिनीला विमान कशाला? कुर्ल्याच्या टर्मिनसवरून गोरखपूरची गाडी, तिथून बसने सोनौली, नाका ओलांडला की लुंबिनी पंचवीस-तीस किलोमीटर. भारतीयाला पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरते. आपला एक रुपया म्हणजे तिकडचा एक रुपया साठ पैसे, हा दर वर्षानुवर्षे ठरलेला आहे. शंभराच्या नोटा चालतात आणि २०२४ पासून तिथल्या बऱ्याच दुकानांत आपल्या मोबाइलवरून यूपीआयने पैसे देता येतात. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी यूपीआय आधी चालू करून घ्यावे लागते एवढेच.

भिशी पुन्हा सुरू झाली आहे. ह्या खेपेला थोरलाही महिन्याला एक हजार भरतो. कार्ड त्याने मोडले नाही. ते ताईंच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.