रिकाम्या आसनाची गाडी

सॅन फ्रान्सिस्कोत वेमो कंपनीची पांढरी जॅग्वार दाराशी येऊन थांबते. प्रवासी मागे बसतो, पट्टा लावतो, बटण दाबतो आणि गाडी निघते. चालकाच्या जागी कोणी नसतं. स्टिअरिंग आपलं आपण वळत राहतं. टपावरच्या घुमटातला लायडार लेझरचे झोत सोडतो आणि ते आदळून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. त्यामुळे मिट्ट काळोखातही त्याला दिसतं. जोडीला रडार, 29 कॅमेरे आणि आधीच तयार करून ठेवलेला शहराचा बारीक नकाशा.

इथवरची मजल थक्क करणारी आहे. 13 मार्च 2004 रोजी अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'डार्पा' संस्थेने मोहावी वाळवंटात चालकाविना गाड्यांची शर्यत घेतली, तेव्हा सर्वांत पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरही न गाठता अडकली. पुढच्याच वर्षीच्या शर्यतीत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'स्टॅनली' गाडीने सुमारे 212 किलोमीटर सात तासांच्या आत पार केले. 2009 मध्ये गूगलने चालकाविना गाडीचा प्रकल्प हाती घेतला, त्यातूनच वेमो उभी राहिली. 2020 मध्ये फीनिक्सच्या सामान्य प्रवाशांसाठी चालकाविना टॅक्सी धावू लागली.

मात्र दिसणं आणि उमगणं यांत फार अंतर आहे. मार्च 2018 मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी गाडीने रात्री रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली. ती सायकल हातात धरून चालत होती. यंत्रणेला ती साडेपाच सेकंद आधी दिसली होती! पण समोर काय आहे ते ठरेना: कधी मोटार, कधी 'इतर' वस्तू, कधी सायकल. प्रत्येक वेळी नाव बदललं की आधीच्या हालचालीची नोंद बाद होई, त्यामुळे ती कुठे निघाली आहे याचा अंदाजच बांधला गेला नाही. झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी पायी रस्ता ओलांडेल, हे यंत्रणेत गृहीतच धरलेलं नव्हतं. देखरेखीला बसवलेल्या व्यक्तीची नजर मोबाइलवर होती. त्या महिलेचा जीव गेला. मला यात यंत्रापेक्षा ते गृहीतक मांडणाऱ्यांचा दोष मोठा वाटतो. माणसं कुठूनही रस्ता ओलांडतात, हे कोणाला ठाऊक नसतं?

ऑक्टोबर 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या मोटारीने उडवलेली महिला 'क्रूझ' कंपनीच्या चालकाविना गाडीपुढे येऊन पडली. गाडी तिला धडकून थांबली, आणि मग कडेला जायचं म्हणून तिला सुमारे सहा मीटर फरफटत घेऊन गेली. गाडीखाली माणूस आहे, हे यंत्रणेला कळलंच नव्हतं. त्याच महिन्यात क्रूझचा परवाना स्थगित झाला.

वेमोच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार तिच्या गाड्यांचे माणसांना इजा होणारे अपघात मानवी चालकांपेक्षा बरेच कमी होतात. हे यश लहान नाही: यंत्र दारू पीत नाही, पेंगत नाही. पण ही सेवा निवडक शहरांत, आखून दिलेल्या हद्दीतच चालते. डिसेंबर 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागाची वीज गेली, सिग्नल बंद पडले. अशा चौकात थांबून, पाहून पुढे जायचं, हे या गाड्यांना शिकवलेलं होतं. तरी खात्री करून घेण्यासाठी त्या दूरच्या केंद्रातल्या माणसांना विचारू लागल्या. विचारणा इतक्या वाढल्या की उत्तरं यायला उशीर झाला, आणि गाड्या चौकाचौकांत खोळंबल्या.