नदीकाठची दुपार आणि कॅमेऱ्याची साक्ष

पुण्यातील कर्वेनगर, म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक, मुठा नदीच्या डाव्या तीरावर वसले आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रमामुळे हे स्थान सर्वपरिचित झाले. खडकवासला धरणाकडून येणारी मुठा येथून पुढे शहरातून वाहत जाऊन मुळेला मिळते. या संगमाच्या खालच्या अंगास, येरवड्याजवळ, डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य या नावाने ओळखला जाणारा हरित पट्टा आहे. कर्वेनगर व येरवडा येथील काठ एकाच दुपारी कॅमेरा घेऊन पाहिल्यास नदीची स्थिती वाचता येते.

यासाठी हिवाळा अनुकूल होय. दुपार कलल्यावर पक्षी पुन्हा चरू लागतात. कर्वेनगरच्या तीरावर त्या वेळी सूर्य पाठीशी राहतो, त्यामुळे छायाचित्रे स्पष्ट येतात. मात्र पक्ष्यांच्या जवळ जाण्याचा मोह टाळावा. थवा उडाला की त्यांचे चरणे थांबते.

गर्दीचा अर्थ

उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांच्या शेकाट्यांचा मोठा थवा दिसला, की नदी समृद्ध आहे असा समज होतो. वस्तुस्थिती उलट असू शकते. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्यांमुळे गाळात कीटकांच्या अळ्या वाढतात आणि त्या खाण्यासाठी शेकाटे जमतात. हीच द्रव्ये कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो व मासे घटतात. मग माशांवर जगणारे कवड्या खंड्या व नदी सुरय तेथून दुरावतात. म्हणून किती पक्षी दिसले याबरोबरच कोणते दिसले आणि कोणते दिसेनासे झाले, हे पाहणे अगत्याचे आहे.

नोंदीचे महत्त्व

एकट्या छायाचित्रावरून हा बदल कळत नाही. दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच महिन्यात घेतलेली व मागे तारीख, वेळ आणि स्थळ लिहिलेली छायाचित्रे मात्र पुरावा ठरतात. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. गावच्या ओढ्याची, तळ्याची अशी छायाचित्रे शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावीत आणि पंचायतीने ती नोंदवहीत समाविष्ट करावीत. सांडपाण्याच्या योजनेचा विचार करताना, पाण्यावरून कोणते पक्षी निघून गेले याची ही साक्ष ग्रामसभेपुढे ठेवता येईल.